वाचक विचारतात: शेजाऱ्यावर चाल करून जाताना सरकार काय कारण देतं?

मागच्या अंकात पहिल्या महायुद्धावर दोन पानं काय छापली, तेव्हापासून पत्रं आणि ईमेल थांबायचं नाव घेत नाहीयेत. विचारायची पद्धत प्रत्येकाची वेगळी पण प्रश्न फिरून फिरून एकच, की सरकार शेजारच्या देशात सैन्य घुसवतं तेव्हा आपल्या लोकांना आणि जगाला काय सांगतं, आणि त्यातलं खरं किती. सगळी पत्रं घेणं शक्य नाही. निवडक घेतलीत, काही प्रश्न कापून लहान केलेत, राग मानू नका.

सर, "आम्हाला जमीन पाहिजे म्हणून हल्ला करतोय" असं सरळ कुठलंच सरकार का सांगत नाही? पूर्वीचे राजे तर खुशाल सांगायचे ना? (कॉलेजचा विद्यार्थी)

राजे पण इतकं खुशाल सांगत नव्हते रे. त्यांनाही काहीतरी लागायचंच, आजीच्या माहेरचा वारसाहक्क, मोडलेली सोयरीक, धर्म, दूताचा अपमान, काहीही चालायचं पण काहीतरी लागायचं. फक्त तेव्हा युद्ध करणं हा राजाचा हक्कच समजला जायचा त्यामुळे कारण पातळ असलं तरी खपून जायचं. मग 1928 ला पॅरिसमध्ये एक करार झाला, त्यात देशांनी लिहून दिलं की राष्ट्रीय धोरण म्हणून आम्ही युद्ध वापरणार नाही, आणि गंमत म्हणजे जर्मनी, जपान, इटली तिघांच्याही त्यावर सह्या होत्या. पुढे काय झालं ते माहितीच आहे. 1945 ला संयुक्त राष्ट्रांची सनद आली आणि तिच्यात कलम 2 च्या चौथ्या पोटकलमात दुसऱ्या देशावर बळ वापरायला, इतकंच काय तशी धमकी द्यायलाही, बंदी घातली गेली. अपवाद दोनच. एक तर सुरक्षा परिषदेनं परवानगी द्यायला हवी, नाहीतर कलम 51 प्रमाणे आपल्यावर सशस्त्र हल्ला झाला असेल तर स्वसंरक्षण, आणि ते केलं की सुरक्षा परिषदेला लगेच कळवायचं.

आता परवानगी मिळणं महामुश्किल, परिषदेतल्या पाच कायम सदस्यांकडे व्हेटो आहे, म्हणजे एकट्यानंच ठराव अडवता येतो. म्हणजे उरलं एकच दार, आणि 1945 नंतर शेजाऱ्यावर चालून गेलेलं जवळजवळ प्रत्येक सरकार त्याच दारातून घुसायला बघतं, मावो न मावो. म्हणून पहिला रणगाडा ज्याचा सीमा ओलांडतो तो पण "आम्ही बचाव करतोय" असंच म्हणत असतो.

अजून एक, कायदा हा एकटाच ऐकणारा नसतो. जगासमोर कलमं लागतात, घरच्या लोकांसमोर अपमान आणि सांडलेलं रक्त लागतं, जनरल लोकांना नकाशा लागतो, मित्रदेशांना वेगळंच काहीतरी कानात सांगितलेलं असतं. हे चारही एकमेकांशी जुळत नसले की समजायचं इथे पाणी मुरतंय.

हल्ल्याचं निमित्त सरकारं स्वतःच तयार करतात हे खरं का, की ही व्हॉट्सॲपवरची थिअरी? (एक वाचक)

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बहुतेक थिअऱ्या टाकाऊच असतात पण ही गोष्ट घडलेली आहे, एकदा नाही, आणि पुराव्यानिशी. 18 सप्टेंबर 1931 च्या रात्री चीनच्या ईशान्येकडच्या मंचुरियात मुकदेन शहराजवळ जपानच्या ताब्यातल्या रेल्वे रुळाशी स्फोट झाला, जपानी सैन्यानं चिन्यांवर आळ घेतला आणि बघता बघता मंचुरिया घशात घातला. स्फोट घडवला होता तिथे तैनात असलेल्या जपानच्याच क्वांतुंग आर्मीच्या अधिकाऱ्यांनी. तो इतका फुसका होता की त्या मार्गावरून जाणारी गाडी मुकदेनला वेळेवर पोचली, हे राष्ट्रसंघाच्या (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) लिटन समितीनं आपल्या रिपोर्टमध्ये नोंदवलंय. इथे एक लक्षात घ्या, हा प्लॅन टोकियोतल्या सरकारचा नव्हता. अधिकाऱ्यांनी परस्पर केलं आणि सरकारला नंतर ते निस्तरत बसावं लागलं, म्हणजे समर्थन करत बसावं लागलं. युद्धाचं समर्थन करणाऱ्या मंत्र्याला सगळं माहीत असतंच असं धरून चालू नका.

31 ऑगस्ट 1939 चं ग्लायवित्झ बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, पोलिश हल्ला भासवून हिटलरच्या एसएस या नाझी दलाच्या माणसांनी जर्मन रेडिओ स्टेशनवर केलेलं नाटक. त्यापेक्षा मला त्याच वर्षीची दुसरी गोष्ट जास्त शिकवणारी वाटते म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

सोव्हिएत युनियनला फिनलंडकडून सीमा मागे सरकवून हवी होती. लेनिनग्राड सीमेपासून जेमतेम 32 किलोमीटरवर होतं, युरोपात युद्ध पेटलेलं, तेव्हा मॉस्कोला वाटणारी काळजी अगदीच खोटी होती असं म्हणता येणार नाही. ऑक्टोबर, नोव्हेंबर वाटाघाटी चालल्या, जमल्या नाहीत. 26 नोव्हेंबरला मॉस्कोनं जाहीर केलं की सीमेजवळच्या आमच्या मायनिला गावावर फिनलंडनं तोफा डागल्या, आमचे चार जण मेले, आता तुम्ही तुमचं सैन्य सीमेपासून वीस पंचवीस किलोमीटर मागे घ्या. फिनलंडच्या तोफा त्याआधीच मागे नेलेल्या होत्या, मायनिला त्यांच्या टप्प्यातच नव्हतं. फिनलंडचं उत्तर फार शहाणपणाचं होतं बघा, ते म्हणाले गोळे तुमच्याच बाजूनं उडताना आमच्या चौक्यांनी पाहिलेत, तरी पण आपण मिळून चौकशी करू, आणि सैन्य मागे घ्यायचं तर दोघांनीही घेऊ. यावर मॉस्कोनं काय करावं? 28 ला अनाक्रमण करार मोडीत काढला, 29 ला संबंध तोडले, 30 ला हेलसिंकीवर बॉम्ब पडायला लागले.

खरी करामत तर पुढेच आहे. 1 डिसेंबरला सीमेवरच्या तेरिओकी गावात "फिनलंडचं लोकशाही सरकार" स्थापन झालं, त्याचा प्रमुख ओट्टो कूसिनेन नावाचा फिनिश कम्युनिस्ट जो कित्येक वर्षं मॉस्कोतच राहत होता. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत युनियननं त्या सरकारशी मैत्रीचा करारही केला. आणि मग राष्ट्रसंघानं जाब विचारला तर सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोवचं उत्तर काय, तर आमचं फिनलंडशी युद्ध चालूच नाहीये, उलट फिनलंडशी आमचा मैत्री करार आहे! राष्ट्रसंघानं 14 डिसेंबरला त्यांना हाकलून दिलं. साडेतीन महिन्यांनी तह करायची वेळ आली तेव्हा तो हेलसिंकीच्याच सरकारशी केला, कूसिनेनचं सरकार गुपचूप गुंडाळलं, आणि कारेलियाचा मोठा तुकडा मात्र खिशात घातला.

तुम्ही प्रत्येक कारण खोटंच असतं असं गृहीत धरून लिहिता. देशाला खरोखरचा त्रास असू शकत नाही का? मी तीस वर्षं इतिहास शिकवला आहे. (निवृत्त शिक्षिका)

बाई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. उलट साफ खोटी कारणं कमीच असतात, जास्त करून कारण अर्धं खरं असतं आणि म्हणूनच ते चालतं. ऑस्ट्रियाचंच घ्या. 28 जून 1914 ला सारायेवोत युवराज फ्रान्झ फर्डिनांडचा खून झाला, मारेकऱ्यांना हत्यारं सर्बियातून मिळाली होती, त्यात सर्बियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातले लोक होते. म्हणजे तक्रार खरी. पण त्या तक्रारीचं व्हिएन्नानं पुढे काय केलं ते बघा. 7 जुलैला मंत्र्यांची बैठक झाली आणि त्यात बहुतेकांचं ठरलं की सर्बियाकडे अशाच मागण्या करायच्या ज्या ते नाकारतीलच. मग 23 जुलैला, फ्रान्सचे अध्यक्ष रशियाचा दौरा आटोपून समुद्रात असतील अशी वेळ साधून, 48 तासांची निर्वाणीची नोटीस दिली. दहा मागण्या. सर्बियानं जवळजवळ सगळ्या गिळल्या, अडला तो मुख्यतः एका मागणीवर, ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी आमच्या देशात येऊन तपास करायचा हे आमच्या घटनेत बसत नाही म्हणाला. ऑस्ट्रियाच्या राजदूतानं ते उत्तर हातात घेतलं, वरवर नजर टाकली आणि साडेसहाच्या गाडीनं बेलग्रेड सोडलं. सामान आधीच बांधून ठेवलेलं होतं. तिकडे जर्मनीच्या कैसरनं, म्हणजे सम्राटानं, ते उत्तर 28 तारखेला वाचलं तर तो म्हणाला आता युद्धाचं काही कारणच उरत नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियानं युद्ध जाहीर केलं.

म्हणून मी कारण खरं का खोटं या वादात आता फार पडत नाही. मी एकच बघतो, समोरच्यानं सगळं कबूल केलं असतं तर सैन्य थांबलं असतं का? व्हिएन्नात थांबणार नव्हतं. मायनिलाच्या वेळी फिनलंड चौकशीला तयार होता, तरी थांबलं नाही. 1938 ला चेकोस्लोव्हाकियातल्या जर्मनांच्या तक्रारी होत्या, काही अगदी रास्तही होत्या, पण त्यांचा पुढारी हेनलाईन मार्चमध्ये हिटलरला भेटला तेव्हा ठरलं काय, तर कायम इतकं मागायचं की आपलं समाधान कधी होऊच शकणार नाही. प्रागनं सप्टेंबरात त्यांच्या बहुतेक मागण्या मान्य केल्या तर हीच पंचाईत झाली आणि बोलणी मोडायला काहीतरी निमित्त शोधावं लागलं.

आता तुम्हाला अशी पण उदाहरणं सापडतील जिथे मागणी मान्य झाली आणि सैन्य थांबलं. तिथे मी सरकारच्या शब्दाला जास्त किंमत देईन.

काका, संसद असते, विरोधी पक्ष असतो, पेपर असतात. मग कुणी विचारत कसं नाही? (बारावीची विद्यार्थिनी)

विचारतात गं, पण उशिरा विचारतात. अमेरिका आणि मेक्सिकोचं सांगतो. 1845 ला टेक्सास अमेरिकेत आलं पण त्याची सीमा कुठली यावर वाद, मेक्सिको म्हणायचा न्युएसेस नदी, अमेरिका म्हणायची अजून बरीच दक्षिणेला रिओ ग्रांद. मधल्या पट्ट्यात राष्ट्राध्यक्ष पोक यांनी जनरल टेलरचं सैन्य नेऊन बसवलं. 9 मे 1846 ला, शनिवार होता, पोक यांनी मंत्रिमंडळाला सांगितलं की मला काँग्रेसकडे युद्धाचा प्रस्ताव पाठवायचाय, कारण काय तर मेक्सिकोनं आमच्या नागरिकांची देणी थकवलीत आणि आमचा दूत परत पाठवला. एकदोन मंत्री कुरकुरले की थोडी वाट बघू. आणि त्याच संध्याकाळी बातमी आली की रिओ ग्रांदच्या अलीकडे मेक्सिकन घोडदळानं आपल्या तुकडीवर हल्ला केलाय. झालं, पोक यांनी मसुदा नव्यानं लिहायला घेतला, आणि सोमवारी जो गेला त्यात मुख्य मुद्दा हा की मेक्सिकोनं अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकन रक्त सांडलंय. निर्णय सकाळचा, कारण संध्याकाळचं.

आता संसदेचं. ठरावाची रचनाच अशी केली की सीमेवर अडकलेल्या सैनिकांसाठी पैसा आणि "मेक्सिकोच्या कृत्यामुळे युद्ध सुरू झालेलं आहे" हे वाक्य, दोन्ही एकाच विधेयकात. पैशाला हो म्हणायचं तर त्या वाक्यालाही हो. नाही म्हणायचं तर "सैनिकांना वाऱ्यावर सोडलं" हा शिक्का कपाळावर. प्रतिनिधीगृहात 174 विरुद्ध 14 नं पास झालं, तेही दोन तासांत, आणि त्यातला बराच वेळ कागद वाचण्यात गेला. हीच युक्ती पुढे अनेकांनी वापरली म्हणून ती ओळखून ठेव, सैन्य आधी पुढे नेऊन बसवायचं आणि मग त्या सैन्याच्या नावानं होकार मागायचा.

डिसेंबर 1847 ला इलिनॉयचा एक नवखा खासदार उभा राहिला, अब्राहम लिंकन. त्यानं ठराव मांडला की ते रक्त नेमकं कुठल्या जागेवर सांडलं ती जागा दाखवा. ती जागा आपली होती का, तिथल्या वस्तीनं कधी आपलं सरकार मानलं होतं का, कर दिला होता का, आणि आपलं सैन्य येताना बघून तिथले लोक घरंदारं आणि उभी पिकं टाकून पळाले की नाही. इतका साधा प्रश्न. उत्तर मिळालं नाही, उलट त्या ठरावावरून "स्पॉटी लिंकन" म्हणून चेष्टा मात्र भरपूर झाली. जानेवारीत प्रतिनिधीगृहानं 85 विरुद्ध 81 मतांनी नोंदवलं की हे युद्ध राष्ट्राध्यक्षांनी विनाकारण आणि घटनाबाह्य सुरू केलं. तोवर मेक्सिको सिटी पडून चार महिने होत आले होते. महिन्याभरात तह झाला, कॅलिफोर्नियासकट प्रचंड मुलूख अमेरिकेकडे गेला, बदल्यात दीड कोटी डॉलर दिले.

पेपरांचं विचारलंस, तर सुरुवातीच्या दिवसांत सीमेवर काय घडलं हे फक्त एकाच पार्टीला माहीत असतं आणि ती पार्टी म्हणजे सरकार. ज्यांची मुलं तिकडे उभी आहेत त्यांना तर शंका घेणं म्हणजे पाप वाटतं. आणि काही ठिकाणी सरकार इतक्यावर थांबत नाही, रशियात मार्च 2022 ला कायदा आला की सैन्याबद्दल "खोटी माहिती" पसरवली तर 15 वर्षांपर्यंत कैद. खोटी कोणती हे अर्थात सरकारच ठरवणार.

"त्यांनीच आम्हाला बोलावलं" आणि "तिथे आमची माणसं आहेत" ही दोन कारणं वरचेवर ऐकू येतात. यात दम आहे का? (एक वकील)

वकील साहेब, कायद्यानं दम आहे हे तुम्हाला माहीतच आहे, एखाद्या देशाच्या खऱ्या सरकारनं बोलावलं तर दुसऱ्याचं सैन्य तिथे जाऊ शकतं. भानगड सगळी "खऱ्या" मध्ये. 21 ऑगस्ट 1968 ला चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घुसले तेव्हा "तास" या सोव्हिएत वृत्तसंस्थेनं सांगितलं की तिथल्या पक्षाच्या आणि सरकारच्या नेत्यांनी मदत मागितली. कोणी मागितली, नाव नाही. तिथलं सरकार तर रेडिओवर सांगत होतं की आम्हाला न विचारता हे आलेत. पण पत्र खरंच होतं बरं का, पाच कट्टर नेत्यांनी सही केलेलं, आणि ते ब्रातिस्लाव्हातल्या बैठकीच्या वेळी चक्क पुरुषांच्या स्वच्छतागृहात सोव्हिएत नेत्याच्या हातात दिलं गेलं. मॉस्कोच्या तिजोरीत ते सीलबंद पडून होतं, 1992 ला रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी ते प्रागला दिलं तेव्हा जगाला दिसलं. सरकारचं अधिकृत निमंत्रण असं संडासातून जात नाही, एवढं तर कोणीही सांगेल.

इराकच्या सद्दामनं कुवेतच्या वेळी तर कारणांची रांगच लावली. जुलै 1990 मध्ये तक्रार होती की कुवेत जास्त तेल काढून भाव पाडतोय आणि सीमेवरच्या रुमैलाच्या तेलसाठ्यातून आमचं तेल चोरतोय. 2 ऑगस्टला सैन्य घुसलं तेव्हा म्हणे तिथल्या तरुण क्रांतिकारकांनी बोलावलं. 8 ऑगस्टला ते "हंगामी स्वतंत्र सरकार" पण गायब, आता म्हणे कुवेत मुळात इराकचाच भाग, विलीन झाला. महिना संपायच्या आत तो इराकचा 19 वा प्रांत. बोलावणारेच आठवडाभरात उरले नाहीत! कारण असं भराभर बदलायला लागलं की समजावं मूळ इच्छा तशीच्या तशी आहे, फक्त वरचा कपडा बदलतोय.

"आमची माणसं" हे जास्त नाजूक आहे कारण माणसं खरी असतात आणि कधीकधी त्यांचे हाल पण खरे असतात. पण माणसं आपली करून घेता पण येतात. दक्षिण ओसेशिया कायद्यानं जॉर्जियाचा भाग, तिथल्या लोकांना रशियानं काही वर्षं पासपोर्ट वाटले आणि ऑगस्ट 2008 ला आमच्या नागरिकांना वाचवतोय म्हणून सैन्य घातलं. युरोपियन युनियननं हायडी टालियाविनी या स्विस राजनैतिक अधिकारी बाईंकडून चौकशी करवली, तो रिपोर्ट दोन्ही बाजूंना झोंबला. जॉर्जियानं 7 ऑगस्टच्या रात्री दक्षिण ओसेशियाच्या राजधानीवर, त्सखिनवालीवर, केलेला तोफांचा मारा कायद्यात बसत नाही, रशियाचं पुढचं आत घुसणं बचावाच्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर गेलं, आणि ती पासपोर्टवाटप पण बेकायदा. मला हा रिपोर्ट आवडतो, कारण त्यात एका बाजूचा गुन्हा दुसऱ्याचा गुन्हा धुवून काढत नाही.

2022 ला युक्रेनच्या वेळी तर सगळंच एकत्र आलं. 21 फेब्रुवारीला पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्क या फुटीर भागांना रशियाची देश म्हणून मान्यता, त्यांच्याशी करार, त्यांची मदतीची विनंती, 24 ला कलम 51 चा हवाला, शिवाय नरसंहार थांबवायचा, शिवाय नाझी हटवायचे, शिवाय नाटो. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 16 मार्चला 13 विरुद्ध 2 नं लष्करी कारवाई थांबवा असा आदेश दिला आणि नरसंहाराच्या आरोपाला आधार देणारा पुरावा आपल्यापुढे आलेला नाही असंही म्हटलं. कारवाई थांबली नाही.

समोरचा उद्या हल्ला करणार हे माहीत असेल तर आज आपण का नाही करायचा? वाट बघत मरायचं का? (निवृत्त सैनिक)

नाही साहेब, मरायचं नाही. पण "माहीत आहे" हे किती पक्कं लागतं यावर एक जुनी केस आहे. डिसेंबर 1837 ला कॅनडातले बंडखोर नायगारा नदीतल्या बेटावर होते आणि अमेरिकेच्या बाजूनं कॅरोलाईन नावाची बोट त्यांना सामान पुरवायची. ब्रिटिशांनी रात्री नदी ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्यावरची ती बोट जाळून प्रवाहात सोडून दिली, एक अमेरिकन मेला. त्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वेब्स्टर यांनी 1841 मध्ये लिहिलं की अशी कृती करायची तर गरज तातडीची, जबरदस्त आणि दुसरा कुठलाच मार्ग किंवा विचार करायला क्षणभरही न ठेवणारी आहे हे दाखवा, आणि केलेलं गरजेपुरतंच होतं हेही दाखवा. आजही वकील मंडळी यावरच भांडतात. 1967 चं इस्रायलचं युद्ध या कसोटीत बसतं का यावर तर पन्नासहून जास्त वर्षं वाद चाललाय. इजिप्तनं सिनाईत फौजा आणल्या होत्या, इस्रायली जहाजांना तिरानची सामुद्रधुनी बंद केली होती, हे सगळं खरं. तरी 5 जूनला इस्रायलनं सुरक्षा परिषदेत आधी सांगितलं ते हेच की इजिप्तच्या फौजा पुढे सरकल्या. म्हणजे त्यांनाही "आधीच मारलं" पेक्षा "त्यांनी मारलं" हेच सांगणं सोपं वाटलं.

मग 1971 चं काय? तिथे गप्प का बसता? (तीन पत्रं, तिन्ही जरा रागातली)

गप्प नाही बसत. 25 मार्च 1971 ला पाकिस्तानी सैन्यानं ढाक्यात कत्तल सुरू केली, डिसेंबरपर्यंत सुमारे 1 कोटी निर्वासित भारतात आले. भारताचं म्हणणं होतं की इतकी माणसं सीमेपलीकडे ढकलणं हे पण एक प्रकारचं आक्रमणच. जगाला ते फारसं पटलं नाही. दुसरीकडे भारत मुक्तिवाहिनीला, म्हणजे बंगाली बंडखोरांना, शिकवत होता, हत्यारं देत होता, नोव्हेंबरमध्ये सीमेपलीकडे गरीबपूरला आपलं सैन्य लढलं पण होतं. तेव्हा आपण हात बांधून बसलो होतो असं काही नाही. 3 डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि कलम 51 चं कारण आयतं हातात आलं. तरी 7 डिसेंबरला आमसभेत 104 देशांनी युद्ध थांबवा, सैन्य मागे घ्या म्हणून मत दिलं, विरोधात फक्त 11.

आता माझी ती कसोटी लावा. पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखाननं पूर्व पाकिस्तानचे कैदेतले नेते मुजीब यांना सोडून त्यांच्याशी तडजोड केली असती, निर्वासित सुखरूप परत गेले असते, तर? इंदिराबाई महिनोनमहिने हेच मागत होत्या, परदेश दौऱ्यांतही हेच, आणि तसं झालं असतं तर युद्ध करायला हातात काही उरलं नसतं. शिवाय सैन्य मार्च 1972 पर्यंत बांगलादेशातून परत आलं, तिथे कुठला प्रांत झाला नाही. आपलं सरकार दुधानं धुतलेलं होतं असं मी म्हणणार नाही, पाकिस्तान दुभंगलेला दिल्लीत कुणालाही हवाच होता, पण या रांगेतल्या बाकीच्यांपेक्षा हे कारण कितीतरी भक्कम उभं राहतं. राग गेला असेल तर पुढे जातो.

आजकाल कुणी युद्ध "जाहीर" का करत नाही?

कारण जाहीर केलं की कबूल केल्यासारखं होतं. अमेरिकेनं शेवटचं रीतसर जाहीर केलं ते जून 1942 ला, कोरियाला पोलीस कारवाई म्हटलं, रशियानं विशेष लष्करी मोहीम म्हटलं. कधी हिशोब शुद्ध व्यवहाराचा असतो. 1937 ला जपान आणि चीन पूर्ण ताकदीनं लढत होते पण दोघांनीही युद्ध जाहीर केलं नाही कारण केलं असतं तर अमेरिकेच्या तटस्थतेच्या कायद्यानं दोघांचाही शस्त्रपुरवठा अडकला असता. चीननं ते केलं 9 डिसेंबर 1941 ला, पर्ल हार्बर झाल्यावर.

सगळं ठरलेलं असताना, कारण पण तयार असताना, एखादं सरकार थांबलंय असं झालंय का? (एक आजी)

झालंय आजी. अर्जेंटिना आणि चिली, दोन्हीकडे लष्करशहा, व्हिदेला आणि पिनोचे. भांडण दक्षिण टोकाला बीगल सामुद्रधुनीतल्या तीन बेटांचं, पिक्टन, लेनॉक्स आणि न्युएवा. 1977 ला लवादानं बेटं चिलीला दिली, अर्जेंटिनानं जानेवारी 1978 ला तो निवाडाच धुडकावला, आणि डिसेंबर 1978 मध्ये हल्ल्याची तारीख ठरली, जहाजं निघाली, सैन्य सीमेवर पोचलं. नाव पण ठेवलं होतं, "ऑपरेशन सार्वभौमत्व". ऐन वेळी पोप जॉन पॉल दुसरे मध्ये पडले, आपले कार्डिनल सामोरे यांना त्यांनी पाठवलं, आणि हल्ला रद्द झाला. पुढे सहा वर्षं नुसती चर्चा, कंटाळवाणी, मध्ये अर्जेंटिनातली लष्करशाही पण गेली. नोव्हेंबर 1984 ला करार झाला, बेटं चिलीकडेच राहिली, आणि त्याआधी अर्जेंटिनाच्या नव्या सरकारनं लोकांनाच विचारलं होतं की हे मान्य आहे का, तर मत देणाऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले.